पाळीवरची माणसं

नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळ्यानं बांधला आणि सात बहिणींनी त्याला हात दिला, ही गोष्ट आमच्या भागात घरोघरी सांगतात आणि प्रत्येक घरची गोष्ट थोडी वेगळी असते. माझ्या आजीच्या गोष्टीत त्या बहिणी रात्री येत, टोपल्यांनी माती वाहत आणि कोंबडा आरवायच्या आत डोंगर होऊन बसत. शेजारच्या म्हातारीला हे मुळीच मान्य नव्हतं. तिच्या मते बहिणी दिवसाढवळ्या यायच्या, फक्त आपल्यासारख्या पापी माणसांना दिसायच्या नाहीत. दोघींचं यावरून खरोखरीचं भांडण व्हायचं. तलावाभोवतीच्या सात टेकड्यांना आजही सात बहिणीच म्हणतात आणि कोलू पाटील पाळीजवळच्या ठाण्यात कोलासूर देव होऊन बसला आहे. तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा मानतात. पाण्याचा पसारा साधारण अकरा चौरस किलोमीटर. तलाव बांधला म्हणून माणसाला शेंदूर लागावा, असा हा मुलूख आहे.

हा मुलूख म्हणजे झाडीपट्टी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो 1999 मध्ये. माझ्या शाळेच्या दाखल्यावर अजून भंडाराच आहे. आमचं गाव अर्जुनी मोरगावच्या बाजूचं. घर कोहळ्यांचं, पण मालगुजाराचं नव्हे. धानाच्या चार बांध्या, एक बैलजोडी, आणि तलावाच्या पाण्यावर हक्क सांगणारे पुष्कळ म्हातारे, एवढी आमची इस्टेट.

पाऊस आमच्याकडे कमी नाही. पण धानाला तो जेव्हा हवा तेव्हाच दडी मारण्याची त्याची जुनी खोड आहे. रोवणा झाला, पोटरी भरायला आली, की आभाळ कोरडं. म्हणून तलाव. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजांनी ही गोष्ट ओळखली. जो तलाव बांधेल त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन, असा त्यांचा रिवाज होता. त्याला तुकूम म्हणत. चंद्रपुरात तुकूम नावाची मोठी वस्ती आहे. तिथे राहणाऱ्या किती जणांना ते नाव तलावाशी जोडता येईल, कोण जाणे. आमची कोहळी मंडळी तर सांगतात, की गोंड राजा काशीला गंगास्नानाला गेला होता, येताना तलाव बांधणारे आमचे पूर्वज सोबत घेऊन आला. प्रत्येक जातीला काशीशी नातं लावायची हौस असते, तेव्हा हे कितपत खरं मानायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. कोहळ्यांना मातीचं आणि उताराचं ज्ञान होतं, एवढं मात्र वादातीत आहे. इंग्रज अधिकाऱ्यांनीही वैनगंगेच्या खोऱ्यातले तलाव पाहून त्यांच्या नावाची नोंद करून ठेवली.

असे तलाव पूर्व विदर्भाच्या पाच जिल्ह्यांत मिळून साडेसहा हजारांवर आहेत. पुढे इंग्रजी अमलात गावाचा सारा गोळा करणारे मालगुजार आले आणि तलावांना मालगुजारी तलाव हे नाव चिकटलं. त्यांतले पुष्कळ तलाव मात्र मालगुजारांच्याही आधीचे.

आबाजी, म्हणजे माझे आजोबा, तलावाबद्दल बोलायला लागले की हातातली तंबाखू विसरत. त्यांच्या बोलण्यात पक्षी, मासे, जनावरं असं काही वेगळं नसायचं. सगळं पाळीपासून सुरू व्हायचं. पाळ म्हणजे दोन टेकड्यांच्या मधली मातीची भिंत. तिच्या पोटात पाणी सोडायचं तोंड, ते तुडुम. जास्तीचं पाणी जिथून वाहून जातं ती सलंग. वरच्या तलावाच्या सलंगीचं पाणी खालच्या तलावात, तिथून त्याखालच्या बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, अशी साखळी पार नदीपर्यंत. "पार फुटली त गाव फुटला, गा," असं ते म्हणायचे. आमच्या झाडी बोलीत पाळीची पार होते.

उन्हाळ्यात, लग्नसराई आटोपली की पाळीचं काम निघे. घरटी एक माणूस. पाळीला उंदरा-घुशींनी पाडलेली बिळं शोधायची, ठोकून ठोकून बुजवायची, सलंगीतलं झुडूप काढायचं, तळातला गाळ उपसून बैलगाडीनं बांध्यांत टाकायचा. तो गाळ म्हणजे फुकटचं खत. पाण्याखालून उघड्या पडलेल्या जमिनीवर मग ढोरं चरत, त्यांचं शेण तिथेच पडे, आणि पहिल्या पावसात त्या शेणावर आणि सडलेल्या पानांवर पाण्यातला जीव वाढायला लागे. आबाजींना 'परिसंस्था' हा शब्द माहीत नव्हता. ढोरं तलावात चरली की मासा पोसतो, हे माहीत होतं.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण म्हाताऱ्यांच्या गोष्टींत ती गाळलेली असते. पाळीवरची सगळी माती स्वखुशीनं पडलेली नाही. मालगुजाराच्या वाड्यावरून बोलावणं आलं की जायचं, मजुरी मिळो न मिळो. बेगारच ती. ढिवरानं, म्हणजे मासेमारानं, तलावात जाळं टाकलं की पहिला मासा वाड्यावर. आबाजी हे कधी बोलत नसत. हे मला सांगितलं ते पाळीखालच्या टोळीवर, म्हणजे वस्तीवर, राहणाऱ्या एका ढिवर म्हाताऱ्यानं. गावात सगळे त्यांना काका म्हणत, मीही म्हणे. "तुमच्या आबाजीले चांगला आठवते, बापू," ते म्हणाले, "पन ते पारीच्या वरून पाहात होते. आमी पान्यातून पाहात होतो." तेव्हापासून मी तलावाची कुठलीही गोष्ट दोन घरांतून ऐकतो. एक पाळीच्या वरच्या आणि एक पाण्यातल्या.

पाण्यातून दिसणारा तलाव काकांनी मला डोंग्यात बसवून दाखवला. डोंगा म्हणजे झाडाचं खोड कोरून केलेली होडी. त्यात बसताना जीव मुठीत धरावा लागतो. तलावाचं पाणी वरून सगळं एकसारखं दिसतं, पण काकांच्या लेखी त्यात वेगवेगळे मोहल्ले होते. काठाजवळ उथळ पाण्यात देवधान, म्हणजे रानातला भात, आणि कंद धरणारं पाणगवत. त्याच्या आत कमळं आणि तरंगत्या पानांच्या वनस्पती. त्याच्याही आत, काठीचं टोक बुडेल तिथे, पाण्याखालीच वाढणारं शेवाळासारखं दाट रान. मरळ कुठे अंडी घालते, मांगूर कुठे लपतो, अडईची पिल्लं कुठल्या पानाआड बसतात, कमळपक्षी कुठून कुठवर चालतो, सगळं त्या मोहल्ल्यांप्रमाणे. जांभळ्या पाणकोंबड्या देवधानात शिरून ओरडायच्या तेव्हा काका त्यांना शिव्या द्यायचे, पण जाळं टाकताना त्यांच्या बाजूला टाकत नसत. तिथे मासा लहान असतो, हे कारण. भूतदया वगैरे काही नाही.

मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासा सलंगीतून वर चढायला लागतो, पोटात अंडी घेऊन. त्या दिवसांत सलंगीत सापळा लावायचा नाही, असा गावाचा दंडक होता. दंडक होता म्हणजे मोडणारेही होते. काकांनी स्वतः तरुणपणी तो मोडला आणि पंचांनी त्यांना दंड केला, हे ते हसत हसत सांगायचे. दंड किती, हे विचारलं तर उत्तर दर वेळी वेगळं. मला त्या बदलत्या रकमेपेक्षा महत्त्वाचं वाटतं ते हे, की दंड करायला कुणीतरी होतं. आणि ज्याला दंड झाला, तोच पुढे म्हातारा होऊन पोरांना सलंगीवरून हाकलत होता.

शिकार? होती. आबाजींच्या एका भावाकडे ठासणीची बंदूक होती आणि हिवाळ्यात उत्तरेकडून येणारी बदकं आमच्या घरात शिजत. काणूक बदक चवीला कसं लागतं, यावर आमच्या घरात दोन तट होते. हे लपवण्यात अर्थ नाही. गावानं रानातलं सगळं देव मानून जपलं, असा एक गोड समज हल्ली शहरांत पसरला आहे. गावानं जपलं, खाल्लंही. तलाव सतत भरलेला राहील, त्यात झाड राहील, मासा राहील, याची व्यवस्था मात्र गावानं लावली होती, आणि त्या व्यवस्थेच्या आडोशाला पाखरं सुखानं नांदली.

फक्त सारसाला कुणी हात लावत नसे. जोडीतला एक मेला की दुसरा अन्न सोडून झुरत मरतो, ही गोष्ट आजीनं आम्हाला इतक्या वेळा सांगितली होती, की शेतात सारसाची जोडी दिसली की आम्ही पोरं आपोआप आवाज खाली आणत असू. झुरून मरण्याचं सोडलं तरी जोडीचं खरं आहे. सारस जोडी जमवतो ती बहुधा जन्माची. उंची जवळजवळ सहा फूट. उडणाऱ्या पक्ष्यांत याच्याइतका उंच जगात दुसरा नाही. एवढा थोरला पक्षी, पण अंडी बहुतेक दोनच, आणि घरटं पावसाळ्यात, भर पाण्यात. कधी तलावाच्या काठच्या गवतात, कधी थेट धानाच्या बांधीत. गवत, धानाची ताटं उपटून तो पाण्यात एक मोठा ढीग रचतो. महिनाभर नर-मादी आळीपाळीनं बसतात.

आता ही बांधी कुणाची? एखाद्या शेतकऱ्याची. आणि उपटलेला धान? त्याचाच. आजीच्या माहेरी असं घरटं झालं होतं. तिच्या बापानं तेवढा तुकडा रोवणा न करता सोडला, निंदायला जाणाऱ्या बायांना त्या बाजूनं जायची बंदी केली आणि पिल्लं पायांवर चालत बाहेर पडेपर्यंत कुत्रं बांधून ठेवलं. धान किती बुडाला, ते तिनं कधी सांगितलं नाही. कुत्रा रात्रभर किती रडायचा, ते मात्र तपशीलवार सांगायची.

या सगळ्या जगाला साहित्यात जागा मिळाली ती मारुती चितमपल्लींमुळे. सोलापूरचा हा माणूस वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला आला आणि तिथल्या माधवराव पाटील डोंगरवारांच्या संगतीत रानाची दुसरी शाळा शिकला. माधवराव नवेगावचेच. पाखरांची बोली, झाडांचे गुण, जनावरांच्या वाटा त्यांना तोंडपाठ. चितमपल्लींनी ढिवरांकडून, गोंडांकडून पाखरांची नावं गोळा केली, सवयी टिपल्या. त्यांच्या 'पक्षिकोशा'मागे अशा कितीतरी निनावी माणसांचं तोंडी ज्ञान आहे. 2006 मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या भागात लोकांना वाटलं, आपलाच माणूस अध्यक्ष झाला. जून 2025 मध्ये ते गेले. 'नवेगावबांधचे दिवस' मी नागपूरला शिकायला गेल्यावर वाचलं, आणि ज्या तलावावर मी म्हशी धुतल्या त्याच मुलुखाबद्दल कुणी इतक्या नवलानं लिहू शकतं, याचं मला नवल वाटलं.

नवेगाव 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं. पुढे 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प. त्याबद्दल इथे फार लिहीत नाही, कारण वाघाबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत आणि माझा विषय उद्यानाच्या हद्दीबाहेर पडलेल्या शेकडो तलावांचा आहे. त्यांना कुंपण नाही, चौकीदार नाही, आणि आमच्या पाणपक्ष्यांचा मोठा हिस्सा तिथेच राहतो.

त्या तलावांचं काय झालं, हे सांगताना आबाजींचा आवाज चढायचा. जुन्या मध्य प्रांतात मालगुजारी नष्ट करण्याचा कायदा 1950 चा. अंमल झाला 1951 मध्ये. मालगुजार गेले, ते बरंच झालं. त्या दिवशी ढिवर टोळीवर गुळाचं वाटप झालं, हे काकांनी सांगितलं. आबाजींनी ते कधीच सांगितलं नसतं. पण मालगुजारासोबत तलावही सरकारजमा झाला. मोठे पाटबंधारे खात्याकडे, लहान जिल्हा परिषदेकडे, मासेमारीचा ठेका सहकारी संस्थेकडे, काठची जमीन महसूल खात्याकडे. एका तलावाचे इतके धनी झाले, की पाळीतलं बीळ कुणी बुजवायचं याचं उत्तर कुणाकडेच उरलं नाही. ज्या पाण्यावर आपला पिढीजात हक्क त्यावर पट्टी कशाला द्यायची, म्हणून शेतकरी भांडले. पट्टी दिली तर दुरुस्ती सरकारनं करावी, हा त्यांचा हिशेब. आणि पट्टीच येत नाही तर दुरुस्ती कशातून, हा सरकारचा. दोन्ही हिशेब बरोबर होते. तलाव गाळानं भरत गेला.

पाळीच्या कामाला घरटी माणूस निघणं बंद झालं. तलावाच्या पोटात पाणी उतरलं की कुणीतरी नांगर घालून पीक घेऊ लागलं. आणि काठानं बेशरम आली. दक्षिण अमेरिकेतली ही वनस्पती. ढोर तिला तोंड लावत नाही, तोडली तरी मरत नाही, आणि एकदा काठ धरला की देवधान, पाणगवत सगळं गिळून टाकते. जांभळी-गुलाबी फुलं येतात. बाहेरचे पाहुणे त्या फुलांपाशी उभे राहून फोटो काढतात तेव्हा काय बोलावं कळत नाही.

माशांचंही तसंच. उत्पादन वाढवायचं म्हणून रोहू, कतला, मृगळाचं बीज आलं, त्यामागून बाहेरदेशचे सायप्रिनस आणि गवत खाणारे कार्प. सुरुवातीला पैसा दिसला. पण सायप्रिनस तळ उकरतो आणि गवत्या मासा पाण्याखालचं रान फस्त करतो. मग मरळीला अंडी घालायला जागा कुठे आणि बदकाला खायला काय? पुढे बीज विकत घ्यायला कर्ज, ठेक्याचे पैसे भरायला कर्ज, आणि जाळ्यात माल कमी. काकांचा मुलगा ठेकेदाराच्या माणसांसोबत आंध्राकडे मजुरीला गेला तो दोन पावसाळे परतला नाही. काका म्हणाले, "मासा पानी खात नाई गा, बापू. तलावाच्या पोटात झाड पायजे." हे वाक्य पुढे मला एका वेगळ्याच ठिकाणी, जवळजवळ याच शब्दांत, पुन्हा ऐकायला मिळालं.

ते ठिकाण म्हणजे अर्जुनी मोरगावच्या पट्ट्यातल्या ढिवरांची बैठक. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ ही संस्था इथे बरीच वर्षं काम करते. तिच्या मनीष राजनकरांनी आणि सोबतच्या कार्यकर्त्यांनी एक साधी गोष्ट केली: ढिवरांना विचारलं. तलावात पूर्वी कोणकोणती झाडं होती, कोणता मासा कोणत्या झाडाजवळ राहायचा, कोणती पाखरं काय खायची, आता त्यातलं काय नाही. म्हाताऱ्यांनी भराभर नावं सांगितली. त्यांतली काही नावं वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकांशी ताडून पाहिली, तेव्हा एकेका स्थानिक नावामागे नेमकी वनस्पती उभी राहिली. ज्या ज्ञानाला आजवर कुणी ज्ञान म्हटलं नव्हतं, ते असं कागदावर आलं.

मग काम. उन्हाळ्यात तलाव उतरला की ढिवर स्वतः बेशरम मुळासकट खणून काढतात. वरवर तोडली तर ती दुप्पट येते, हे सगळ्यांना अनुभवानं ठाऊक. तळाची कडक झालेली जमीन नांगरून मोकळी करतात. पाऊस पडून चिखल झाला, की जिथे अजून जुनी झाडं तग धरून आहेत अशा दुसऱ्या तलावांतून रोपं, कंद आणून लावतात. उथळात लागणारी उथळात, खोलातली खोलात. धानाचा रोवणा करणाऱ्या बायांना हा पाण्यातला रोवणा शिकवावा लागला नाही. दोन-तीन हंगाम त्या भागात जाळं टाकायचं नाही, बाहेरचं बीज सोडायचं नाही, गावठी मासा वाढू द्यायचा, असे ठराव. ठराव सहकारी संस्थेच्या वहीत असतात, पण पाळले जातात ते पोरं हाकलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जिवावर.

काही तलावांवर याचा परिणाम दिसला. गावठी मासा वाढला, बीज विकत घ्यायचा खर्च कमी झाला, आणि पाण्याखालचं रान परत आल्यावर हिवाळ्यात बदकंही उतरू लागली. कुणी त्यांना बोलावलं नव्हतं. पाखरं वाचवण्यासाठी ढिवरांनी हे केलं, असं म्हणणं खोटं होईल. त्यांनी मासा वाचवला, मासा वाचवायचा म्हणून झाड लावलं, आणि त्या झाडावर पाखराचं पोट भरलं. मला यातच या कामाचं बळ दिसतं. पाखरांसाठी केलेलं काम निधी संपला की थांबतं. पोटासाठी केलेलं असं थांबत नाही.

एक कमतरता सांगतो. मासा विकायला बाजारात बसते ती बाई, जाळं विणते ती बाई, चिखलात वाकून झाड लावते ती बाई. आणि सहकारी संस्थेच्या सभासद-यादीत नाव नवऱ्याचं. या भागातल्या शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या स्त्रिया गेली काही वर्षं हे बदलायला झगडत आहेत. या बाया सभेत बोलायला उठल्या की मागच्या रांगेतले पुरुष अजूनही खोकतात. पण उठतात.

आता पुन्हा सारसाकडे. महाराष्ट्रात सारस उरला आहे तो मुख्यतः गोंदिया जिल्ह्यात; भंडारा, चंद्रपुरात मोजका. सगळे मिळून आकडा तीस-चाळीसच्या घरात अडकलेला आहे. वैनगंगा आणि वाघ नदी ओलांडली की मध्य प्रदेशातला बालाघाट. पाखरांना ती हद्द कुठली ठाऊक! गोंदियातली 'सेवा' ही संस्था आणि तिची तरुण पोरं दर उन्हाळ्याच्या अखेरीला नदीच्या दोन्ही अंगांना पहाटे उभी राहून एकाच वेळी सारस मोजतात. परसवाडा, झिलमिली, पांगडी ही तलावांची नावं आता पक्षीप्रेमींना तोंडपाठ आहेत. मोजणीपेक्षा मोठं काम पावसाळ्यात असतं: घरटं कुणाच्या बांधीत आहे ते शोधायचं, त्या शेतकऱ्याच्या ओसरीवर जाऊन बसायचं, चहा प्यायचा, आणि पिल्लं चालती होईपर्यंत तेवढा तुकडा सांभाळायला त्याला राजी करायचं. बहुतेक जण राजी होतात. माझ्या आजीच्या बापाला कुणी राजी करायला आलं नव्हतं, हा फरक. पण त्याच्या बांधीत फवारा नव्हता आणि बांधीवरून विजेची तार गेलेली नव्हती, हाही फरक आहे.

सारस आज मरतो तो बंदुकीनं नाही. धानावर मारलेल्या विषारी औषधानं मरतो. बांध्यांवरून गेलेल्या विजेच्या तारांना एवढ्या मोठ्या पंखांचा धक्का लागून मरतो. तलावाचा काठ नांगरला गेला, नदीची वाळू उपसली गेली, की त्याला रात्रीचा थारा उरत नाही. 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं सारसांच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली. त्यानंतर समित्या झाल्या, आराखडे झाले, तारांबद्दल बोलणी झाली. न्यायालयाला दखल घ्यावी लागली याचा आनंद मानावा की लाज, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तार जमिनीखालून नेणं किंवा तिच्यावर पाखराला लांबून दिसेल अशी खूण टांगणं काही गावाच्या हातातलं काम नाही. गावाच्या हातात बांधी आहे, तार सरकारच्या.

गावं जपतात, तेव्हा सरकारनं बाजूला व्हावं, असं म्हणणारी एक मंडळी आहे. मला ते पटत नाही. मालगुजारी गेली तेव्हा सरकारनं जी जबाबदारी अंगावर घेतली, ती आता 'लोकसहभाग' म्हणून परत गावाच्या गळ्यात घालायची आणि हक्क मात्र चार खात्यांत वाटलेले ठेवायचे, हा सौदा गावाच्या तोट्याचा आहे. जंगलाच्या बाबतीत 2006 च्या वनहक्क कायद्यानं निदान एक वाट दाखवली. त्या कायद्याच्या आधारे पूर्व विदर्भात अनेक ग्रामसभांना सामूहिक वनहक्क मिळाले, आणि ज्या गावांकडे जंगल आलं त्यांतल्या पुष्कळांनी आगी रोखल्या, बांबूचा हिशेब ठेवला. तलावासाठी अशी वाट रुंद झालेली नाही. ठेका थोड्या वर्षांचा असतो. थोड्या वर्षांच्या ठेक्यावर कुणी कमळाचा कंद लावेल का? ज्याला पुढच्या ठेक्याची खात्री नाही तो असेल तेवढा मासा काढून मोकळा होतो, आणि मग आपण त्याला अडाणी म्हणतो.

गाळ काढण्याच्या सरकारी योजनांबद्दलही एक शब्द. मालगुजारी तलावांच्या दुरुस्तीवर गेल्या काही वर्षांत पैसा खर्च झाला आहे, हे मान्य. पण यंत्र तलावात उतरतं तेव्हा तळ सपाट खरवडून निघतो. उथळ, मध्यम, खोल असा उतारच राहत नाही. काकांचे मोहल्ले एका आठवड्यात जमीनदोस्त. पाणी वाढतं, झाड जातं. आणि पाण्याचा साठा मोजायला फूटपट्टी आहे, झाड मोजायला कुणाकडे काही नाही, म्हणून कागदावर काम उत्तम होतं.

काका आता नाहीत, आबाजी तर केव्हाच गेले. आंध्राकडे गेलेला काकांचा मुलगा परत आला आहे आणि सहकारी संस्थेच्या पंचांत बसतो. परवा फोनवर त्यानं सांगितलं, की यंदा त्यांच्या तलावाचा ठेका संपतो आहे आणि नव्या ठेक्याची रक्कम वाढली तर बाहेरचा माणूस घेऊन जाईल. मग इतकी वर्षं लावलेलं झाड तो दोन महिन्यांत ओढून काढेल. त्याची मागणी छोटी आहे. जो तलावात झाड लावतो, गावठी मासा राखतो, पाळ सांभाळतो, त्या गावच्या ढिवरांना तलाव दीर्घ मुदतीनं, परवडेल अशा दरात द्यावा. पाळीच्या दुरुस्तीचा खर्च सरकारनं करावा, आणि यंत्र उतरवण्याआधी पाण्यातल्या माणसांना विचारावं. गोंदिया-भंडाऱ्याच्या जिल्हा परिषदेत, मत्स्यव्यवसाय खात्यात किंवा मंत्रालयात आपली कुणाशी ओळख असेल, तर हे त्यांच्या कानावर घाला. ठेके पावसाळ्याआधी ठरतात.